वाचकांचे प्रश्न : खोटं शून्य

या महिन्याच्या टपालात 'मोबाइल फार गरम होतो' अशी बरीच पत्रं आहेत. ती पुढच्या अंकासाठी ठेवते. मे महिन्यात जळगाव-भुसावळात माणूसच तापतो, तिथे मोबाइलचं काय घेऊन बसलात! या वेळी काळ्या खिडकीत कमांड टाइप करणाऱ्यांची पत्रं घेतली आहेत, सगळी एक्झिट कोडबद्दलची, म्हणजे प्रोग्राम संपताना मागे ठेवतो त्या आकड्याबद्दलची, कारण अमळनेरहून आलेलं पहिलं पत्र वाचून मला राहवेना.

प्रश्न : ताई, मी अमळनेर तालुक्यातल्या एका पतसंस्थेचा संगणक विभाग सांभाळतो. विभाग म्हणजे मी एकटाच. आमच्या लिनक्स सर्व्हरवर रोज रात्री क्रॉन (ठरलेल्या वेळी काम सुरू करणारा प्रोग्राम) एक स्क्रिप्ट, म्हणजे कमांडची यादी, चालवतो. मायएसक्यूएल-डंप डेटाबेस काढतो, पाइपमधून, म्हणजे एकाचं आउटपुट थेट दुसऱ्याला देणाऱ्या जोडणीतून, फाइल दाबून लहान करणाऱ्या जीझिपला देतो, फाइल दुसऱ्या डिस्कवर जाते आणि शेवटी लॉगमध्ये 'बॅकअप यशस्वी' अशी ओळ पडते. मार्चअखेर झाल्यावर लेखापरीक्षकांनी जानेवारीतली एक स्थिती दाखवा म्हटलं, म्हणून त्या तारखेची फाइल उघडली, तर आत काहीच नाही. डिसेंबरात डेटाबेसचा पासवर्ड बदलला, तेव्हापासूनची प्रत्येक फाइल २० बाइटची. लॉग मात्र रोज यशस्वी! स्क्रिप्टला कळलं कसं नाही? — एक वाचक, अमळनेर

उत्तर : भाऊ, मूळ डेटाबेस शाबूत आहे असं पत्रावरून दिसतं. तेव्हा पुढचं वाचण्याआधी उठा, हाताने एक डंप काढा, त्याची शेवटची ओळ डोळ्यांनी बघा आणि तो दुसऱ्या मशीनवर नेऊन ठेवा. मी थांबते.

झालं? आता ऐका. स्क्रिप्टला कळलं नाही, कारण तिने विचारलंच नाही. आणि विचारलं असतं तरी तुमच्या पाइपने तिला खोटंच उत्तर दिलं असतं.

युनिक्स घराण्यातला कुठलाही प्रोग्राम संपताना मागे एक आकडा ठेवून जातो. तो एक्झिट कोड. ० म्हणजे काम झालं. दुसरा कुठलाही आकडा म्हणजे झालं नाही. प्रोग्राम ज्याने सुरू केला, मग तो कमांड वाचून चालवणारा शेल असो, प्रोग्राम बांधणारा मेक असो की लिनक्सवरच्या सेवा सांभाळणारा सिस्टमडी, त्याच्या हातात निर्णय घ्यायला तेवढाच आकडा असतो. 'अ‍ॅक्सेस डिनाइड' वगैरे जे उमटतं ते माणसासाठी. रावेर-सावद्याहून दिल्लीला केळी घेऊन गेलेला ड्रायव्हर फोनवर रस्त्याची सगळी रामकहाणी सांगतो, पण मुनीम भाडं चुकतं करतो ते बिल्टीवरची पोच बघून. एक्झिट कोड ही ती पोच. कहाणी कितीही खरी असली तरी पोचेवर भलतंच लिहिलं असेल, तर पुढचा सगळा हिशेब त्या भलत्यावरच उभा राहतो.

तुमच्याकडे पोच तीन ठिकाणी बिघडली. पहिली जागा पाइप. डंप करणारा प्रोग्राम पासवर्डवर अडला आणि शून्याव्यतिरिक्त कोड देऊन गेला. त्याने आपलं काम चोख केलं. पण पाइपलाइनचा कोड म्हणून शेल धरतो तो शेवटच्या प्रोग्रामचा, म्हणजे जीझिपचा. जीझिपला आत काहीच आलं नाही. त्याने ते 'काहीच नाही' अगदी नियमाप्रमाणे दाबून बांधलं: १० बाइट मथळ्याचे, २ बाइट रिकाम्या मजकुराचे, ८ बाइट तपासणीच्या बेरजेचे आणि लांबीचे. हेच तुमचे २० बाइट. त्याच्या दृष्टीने काम फत्ते, म्हणून शून्य. गंमत अशी, की ही फाइल 'जीझिप -टी' लावून तपासलीत तरी ती पास होते, कारण जीझिप फाइल म्हणून तिच्यात काही खोट नाही.

दुसरी जागा तुमची 'बॅकअप यशस्वी' ही ओळ. ती कुठल्याही अटीशिवाय लिहिली आहे. वर आग लागली तरी ती उमटणारच. शिवाय स्क्रिप्टचा स्वतःचा एक्झिट कोड म्हणजे तिच्यातल्या शेवटच्या कमांडचा कोड. शेवटची कमांड इको, म्हणजे नुसती ओळ छापणारी, आणि इको सहसा पडत नाही. म्हणजे पाइपने खरं सांगितलं असतं तरी इकोने ते पुसलं असतं. असल्या ओळींवर माझा जुना राग आहे. 'यशस्वी' हा शब्द स्क्रिप्टमध्ये कुठल्या तरी इफच्या आतच असला पाहिजे.

तिसरी जागा क्रॉन. पत्रासोबत तुम्ही क्रॉनटॅबची ओळ पाठवली आहे, तिच्या शेवटी सगळं आउटपुट डेव्ह-नलमध्ये, म्हणजे येईल ते गिळून टाकणाऱ्या फाइलमध्ये, सोडलेलं आहे. नेहमीचा क्रॉन एक्झिट कोडकडे बघतही नाही; प्रोग्रामने काही छापलं तर तेवढं तो मेल करतो. छापलेलं तुम्ही आधीच विहिरीत टाकलंत. डिसेंबरपासून रोज रात्री डंप ओरडून सांगत होता की पासवर्ड चुकतोय, आणि ऐकायला कुणी नव्हतं.

दुरुस्ती करू. स्क्रिप्टची पहिली ओळ बॅश या शेलचीच असू द्या. नुसतं 'बिन-एसएच' लिहिलं तर उबंटूवर डॅश नावाचा छोटा शेल मिळतो आणि त्याच्या जुन्या आवृत्त्यांत पुढची कमांड चालत नाही. दुसऱ्या ओळीत 'सेट -ओ पाइपफेल'. आता पाइपमधला कुणीही पडला तर सगळी पाइपलाइन पडली असं धरलं जाईल. डंप थेट खऱ्या नावाने लिहू नका. आधी तात्पुरत्या नावाने लिहा, कोड शून्य आला तरच एमव्हीने नाव बदला. म्हणजे खऱ्या नावाची फाइल दिसली की ती पूर्ण झालेलीच असणार. आणखी एक खात्री करून घ्या. मायएसक्यूएल-डंप पूर्ण झाला की फाइलच्या शेवटी 'डंप कंप्लीटेड' अशी टिप्पणीची ओळ टाकतो (टिप्पण्या बंद केल्या नसतील तर). झेडकॅटने फाइल उघडा, टेलने शेवटची ओळ घ्या, ग्रेपने ती शोधा. ग्रेपचा कोड शून्य नसेल तर फाइल अर्धवट आहे.

पाइपफेल लावल्यावर एक दिवस तुम्हाला १४१ हा आकडा दिसेल आणि तुम्ही मला पुन्हा पत्र लिहाल, म्हणून आत्ताच सांगते. मोठी फाइल झेडकॅटने उघडून हेडला पहिली एकच ओळ मागितली, की हेड ओळ घेऊन निघून जातो, मागचा झेडकॅट बंद पाइपमध्ये लिहायला जातो आणि सिग्नल १३ (सिस्टमने प्रोग्रामला धाडलेली सूचना) खाऊन मरतो. १२८ अधिक १३. यात काही बिघडलेलं नसतं. वर टेल सांगितला तो शेवटपर्यंत वाचतो, त्याला ही बाधा नाही.

एक्झिट कोड '$?' मध्ये मिळतो हे तुम्हाला माहीत असेल. तो पुढच्याच कमांडला पुसला जातो हे बरेच जण विसरतात. मध्ये इकोची एक ओळ घातली, की '$?' त्या इकोचा. 'इफ' पुढे उद्गारचिन्ह लावून कमांड लिहिली आणि आत '$?' वाचला, तरी शून्यच मिळतं, कारण उद्गारचिन्हाने तो उलटवलेला असतो. मूळ आकडा हवा असेल तर कमांडपुढे '||' लावून तिथेच तो एका नावात साठवून टाका.

कुणी तुम्हाला सांगेल, नुसतं 'सेट -ई' लावा, चूक झाली की स्क्रिप्ट आपोआप थांबते. लावा, मीही लावते, पण तिच्या भरवशावर झोपू नका. इफच्या अटीत, '&&' आणि '||' च्या डाव्या बाजूला ती गप्प बसते. फंक्शनमध्ये 'लोकल' लिहून त्याच ओळीत कमांडचं उत्तर भरलं, तर कोड मिळतो तो 'लोकल'चा, कमांडचा नाही. ज्या ओळीवर लोकांच्या ठेवी अवलंबून आहेत, त्या ओळीची तपासणी स्वतः लिहावी.

आणि शेवटी, कोड बरोबर आला म्हणून कुठे घंटा वाजत नाही. कुणीतरी ऐकणारं लागतं. सिस्टमडीचा टायमर वापरलात तर 'ऑन-फेल्युअर' लिहून पडल्यावर काय चालवायचं ते सांगता येतं. माझी पसंती मात्र उलट्या बाजूने पहारा ठेवण्याला आहे: 'शेवटची चांगली फाइल २६ तासांपेक्षा जुनी आहे का' एवढंच बघणारी स्क्रिप्ट दुसऱ्या मशीनवर ठेवा. सर्व्हरच बंद पडला तर पडल्याचा मेल कोण पाठवणार? फाइल आली नाही हे मात्र शेजारच्या मशीनला दिसतं. महिन्यातून एकदा एक डंप रिकाम्या डेटाबेसमध्ये चढवून एखाद्या खात्याची बाकी जुळवून बघा. बॅकअप घेणारे भरपूर भेटतात, परत चढवून बघणारे मोजकेच.

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी शिरपूरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात आहे. प्रोजेक्ट म्हणून पायथॉनमध्ये कापूस आणि केळीचे रोजचे भाव एका संकेतस्थळावरून आणून साठवणारं कमांड-लाइन टूल करते आहे. प्रत्येक चुकीला वेगळा एक्झिट कोड असावा म्हणून मी चाळीसेक कोड ठरवले. वेबचे कोड सगळ्यांना पाठ असतात म्हणून तेच घेतले: पान सापडलं नाही तर ४०४, सर्व्हर बंद तर ५०३. पण शेलमध्ये १४८ आणि २४७ दिसतात! आमचे सर म्हणतात, इतकं कशाला, काहीही बिघडलं की १ द्यायचा. बरोबर कोण? — एक विद्यार्थिनी, शिरपूर

उत्तर : आकड्यांचं आधी मिटवू. युनिक्समध्ये शेलपर्यंत कोडचे ८ बिटच पोचतात, म्हणजे ० ते २५५. त्यापुढचं २५६ने भागून बाकी उरते ती. ४०४ वजा २५६, १४८. ५०३ वजा २५६, २४७. उणे १ दिलंस तर २५५ दिसेल. खरा धोका २५६मध्ये आहे, कारण त्याची बाकी शून्य. काही जण सापडलेल्या चुकांची संख्याच एक्झिट कोड म्हणून देतात. ते हुशारीचं वाटतं, आणि ज्या दिवशी बरोबर २५६ चुका निघतात त्या दिवशी प्रोग्राम उत्तीर्ण होतो.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे. सर निम्मे बरोबर आहेत, तू पाव. काय काय बिघडू शकतं याची यादी करून तू कोड वाटलेस. यादी करायची ती वेगळी: तुझं टूल जो चालवणार आहे, तो त्या कोडवर काय काय वेगळं करू शकतो? जितक्या वेगळ्या कृती, तितके कोड. बाकीचा तपशील संदेशात लिही, तो माणूस वाचेल.

करून बघू. तुझं टूल रात्री एखादी स्क्रिप्ट चालवणार. भाव आले तर ती पुढे जाईल. संकेतस्थळ बंद, नेट गेलं, सर्व्हरने ५०३ दिलं, यात तिने करायचं ते एकच: पंधरा मिनिटांनी पुन्हा बघणं. या सगळ्यांना मिळून एक कोड. पासवर्ड चुकला, संकेतस्थळाने पानाची मांडणी बदलली, साठवायची डिस्क भरली, यात पुन्हा प्रयत्न करून उपयोग नाही, माणूस उठवावा लागेल. चुकीच्या पासवर्डने दहा वेळा दार ठोठावलं तर खातंच कुलूपबंद व्हायचं. हा दुसरा कोड. कमांडच चुकीची लिहिली, तारखेच्या जागी गावाचं नाव टाकलं, हा तिसरा. झाले तुझ्या चाळीस कोडांचे तीन. सरांचा एकटा १ का पुरत नाही तेही यातच आलं: 'थोड्या वेळाने ये' आणि 'येऊ नकोस, मालकाला बोलव' यांना एकच उत्तर दिलं तर स्क्रिप्टने काय समजायचं?

हा विचार माझा नाही, बराच जुना आहे. बीएसडी युनिक्समध्ये सिसएक्झिट्स नावाची एक छोटी हेडर फाइल आहे, ६४ ते ७८ असे पंधरा कोड असलेली. ती टपालाच्या कामातून आली, सेंडमेल लिहिणाऱ्या एरिक ऑलमन यांच्याकडून. ६४ म्हणजे कमांड चुकीची लिहिली, ६५ म्हणजे दिलेला डेटा सदोष, ७७ म्हणजे परवानगी नाही, ७८ म्हणजे सेटिंग्जची (कॉन्फिग) फाइल चुकली. माझ्या मते त्यातला सगळ्यात कामाचा ७५: तात्पुरती अडचण, नंतर प्रयत्न करा. मेल पोचवणाऱ्या प्रोग्रामने ७५ दिला की मेल-सर्व्हर पत्र परत न पाठवता रांगेत ठेवतो. सगळ्या जगाने ही यादी स्वीकारली असं झालं नाही, आणि तिच्यातले काही कोड टपालाबाहेर कुठे वापरावेत हे कोडंच आहे. पण ७५, ६४ आणि ७८ एवढे घेतलेस तरी तुझं काम भागेल.

ग्रेपचं बघ. ओळ सापडली तर ०, सापडली नाही तर १, शोधतानाच अडचण आली तर २. डिफचं तसंच: फाइली सारख्या तर ०, वेगळ्या तर १, भानगड झाली तर २. 'नाही' हे उत्तर आणि 'उत्तर देता आलं नाही' हे दोन्ही वेगळे ठेवले आहेत. तुझ्या टूलला हा प्रश्न पडणारच: सुटीच्या दिवशी बाजार समिती बंद असली, भावच नसले तर? माझं मत विचारशील तर शून्य दे. 'आजचे भाव आण' म्हटलं, तू गेलीस, पाहिलंस, आज लिलावच झाला नाही. टूलने काम केलं. पण पुढे 'आज भाव आहेत का' असं विचारणारी दुसरी उपकमांड केलीस, तर तिथे ग्रेपसारखा १ योग्य. यावर वाद होऊ शकतो, आणि तुझ्या प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत झाला तर चांगलंच आहे.

पायथॉनच्या काही जुन्या खोडी सांगते. न पकडलेला एक्सेप्शन १ देऊन जातो. कमांडचे पर्याय वाचणाऱ्या आर्गपार्सला कमांड पटली नाही तर तो २ देतो. म्हणजे हे दोन आकडे भाषेनेच वापरलेले आहेत; स्वतःचे खास अर्थ त्यांना चिकटवू नकोस. 'सिस.एक्झिट'ला मजकूर दिलास तर तो एरर-प्रवाहात छापला जातो आणि कोड १ होतो, काही न देता बोलावलंस तर ०. आणि सगळ्यात पसरलेला रोग म्हणजे 'एक्सेप्ट'मध्ये सगळं पकडायचं, 'काहीतरी चुकलं' छापायचं आणि खाली वाहत जायचं. प्रोग्राम शेवटाला पोचतो आणि शून्य देऊन टाकतो. विद्यार्थ्यांच्या कोडमध्ये मी पहिल्यांदा हेच शोधते, आणि मोठमोठ्या पगाराच्या लोकांच्या कोडमध्येही.

वरच्या टोकालाही जाऊ नकोस. १२६ शेल देतो, फाइल मिळाली पण चालवता आली नाही म्हणून. १२७ कमांडच सापडली नाही म्हणून. १२८च्या पुढचे सिग्नलने मेलेल्यांचे. प्रोग्रामला वेळेची मर्यादा घालणारी टाइमआउट कमांड वेळ संपली की १२४ देते. बिघाड कुठल्या आवृत्तीत शिरला ते शोधणारा गिट बायसेक्ट १२५चा अर्थ 'ही आवृत्ती सोडून द्या' असा घेतो. दूरच्या मशीनवर कमांड चालवणाऱ्या एसएसएचचं स्वतःचं काही बिघडलं तर २५५. म्हणून आपले कोड १२०च्या आत बरे. संदेश एरर-प्रवाहात लिही, नाहीतर कुणी भावांची फाइल बनवायला गेलं की कापसाच्या भावांच्या मधोमध तुझी चुकीची ओळ बसेल. कोडचे अर्थ हेल्पमध्ये लिहून ठेव. एकदा लिहिले की बदलायचे नाहीत, कारण कुणीतरी त्यांच्यावर स्क्रिप्ट बांधलेली असते आणि तो तुला विचारून बांधत नाही.

आणि चाचण्या लिहिशील त्यात फक्त आउटपुट तपासू नकोस. नेट काढून टूल चालव, ७५ येतो का बघ. डिस्क भरलेली असताना काय येतं तेही बघ. लिनक्सवर त्यासाठी डेव्ह-फुल नावाची आयती फाइल आहे, तिच्यात लिहायला गेलं की जागा नाही असंच उत्तर मिळतं.

प्रश्न : आमची जामनेरकडे जिनिंग आहे. ऑफिसच्या विंडोज कॉम्प्युटरवर वजनकाट्याच्या नोंदी रोबोकॉपी या विंडोजच्या कॉपी करणाऱ्या कमांडने दुसऱ्या मशीनवर जातात. टास्क शेड्युलरमध्ये रोज निकाल 'झिरो-एक्स-वन' येतो, पण फाइली तर गेलेल्या असतात! एका मुलाने बॅच फाइलच्या शेवटी 'एक्झिट स्लॅश-बी ०' लिहून दिलं, आता निकाल स्वच्छ येतो. चालेल ना? — एक वाचक, जामनेर

उत्तर : नाही चालणार. त्या मुलाने डोळ्यांवर पट्टी बांधून दिली आहे. उद्या नेटवर्क तुटलं तरी निकाल स्वच्छच येईल आणि शेठ संध्याकाळी 'समदं बराबर शे ना?' विचारतील तेव्हा तुम्ही हो म्हणाल.

रोबोकॉपीची रीत जगावेगळी आहे. ० म्हणजे कॉपी करण्यासारखं नवीन काही नव्हतं. १ म्हणजे फाइली नीट कॉपी झाल्या; तुमचा 'झिरो-एक्स-वन' तो हाच. २ म्हणजे पलीकडे जास्तीच्या फाइली आहेत, ४ म्हणजे जुळत नसलेलं काही सापडलं. यांच्या बेरजाही होतात. ३ आला तर कॉपी झाली आणि पलीकडे जास्तीचंही आहे. ८ म्हणजे काही फाइली गेल्या नाहीत, १६ म्हणजे मोठाच घोळ. ८ आणि त्यापुढचं सगळं अपयश.

रोबोकॉपीच्या लगेच खालच्या ओळीत लिहा: 'इफ एररलेव्हल ८ एक्झिट स्लॅश-बी १', आणि त्याखाली त्या मुलाची शून्याची ओळ राहू द्या. बॅच फाइलमध्ये 'इफ एररलेव्हल ८' याचा अर्थ ८ किंवा जास्त असा होतो. एरवी ही रीत लोकांना गोत्यात आणते, इथे ती नेमकी उपयोगी पडते. चार आलेला दिसला तर एकदा लॉग उघडून बघा: एका मशीनवर ज्या नावाची फाइल, त्याच नावाचं दुसरीकडे फोल्डर, असं काहीतरी निघेल.

प्रश्न : बाकी सगळीकडे शून्य म्हणजे खोटं आणि एक म्हणजे खरं. मग इथेच शून्य म्हणजे यश का? मुलं विचारतात, मला पटेल असं उत्तर देता येत नाही. — एक शिक्षक, धुळे

उत्तर : गुरुजी, मुलांना विचारा, गणित बरोबर आलं तर 'का बरोबर आलं' असं तुम्ही कधी विचारता का? चुकलं तरच कुठे चुकलं ते विचारता. झालेल्या कामाला एकच आकडा पुरतो, न झालेल्याला कारणं बरीच, म्हणून एकट्या शून्यावर यश बसवलं आणि बाकीचे आकडे कारणांना मोकळे ठेवले. शेलमध्ये 'ट्रू' नावाची कमांड आहे, ती ० देते. 'फॉल्स' १ देते. वर्गात दाखवा.

सगळीकडे असंच आहे असंही नाही. डिजिटल कंपनीच्या व्हीएमएस या प्रणालीत विषम आकडा म्हणजे यश आणि सम म्हणजे अपयश असतं. सी भाषेच्या प्रमाणग्रंथात 'एक्झिट सक्सेस' आणि 'एक्झिट फेल्युअर' अशी दोन नावं दिलेली आहेत. ती वापरली की कुठल्या मशीनवर कोणता आकडा, याची चिंता करावी लागत नाही. शून्यालाही यश मानलंच पाहिजे असं तिथे म्हटलं आहे.

प्रश्न : नंदुरबारच्या मिरची मार्केटमधल्या एका व्यापाऱ्याकडे मी हिशेबाचं सॉफ्टवेअर बघतो. हंगामाच्या सगळ्या नोंदी एकत्र करून अहवाल काढणारा आमचा प्रोग्राम अर्ध्यात बंद पडतो. त्याच्या लॉगमध्ये चुकीची एक ओळ नाही. शेल फक्त १३७ दाखवतो. हा कोड आमच्या प्रोग्राममध्ये कुठेच लिहिलेला नाही! — एक वाचक, नंदुरबार

उत्तर : तुमच्या प्रोग्रामने तो दिलेलाच नाही. १३७ वजा १२८, उरले ९. सिग्नल ९ म्हणजे सिगकिल. तो आला की प्रोग्रामला शेवटचा शब्दही बोलता येत नाही, म्हणून लॉग कोरा. मेलेल्याच्या वतीने शेल हा आकडा दाखवतो. हाच प्रोग्राम पायथॉनच्या सबप्रोसेसमधून चालवलात तर तिथे उणे ९ दिसेल. याच हिशेबाने १३० म्हणजे कुणीतरी कंट्रोल-सी दाबलं, १४३ म्हणजे थांबायची रीतसर सूचना आली, १३९ म्हणजे प्रोग्रामने आपली नसलेली मेमरी चाचपली.

मारणारा बहुतेक कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभाच असणार. मेमरी संपत आली की लिनक्स सगळ्यात जास्त खाणाऱ्यांपैकी एखादा निवडतो आणि संपवतो. 'डीमेसेज' किंवा 'जर्नलसीटीएल -के' चालवून त्या वेळेच्या आसपास 'आउट ऑफ मेमरी' अशी ओळ शोधा. मारलेल्या प्रोसेसचं नाव आणि तिने किती मेमरी धरली होती तेही तिथे मिळेल. ओळ मिळाली तर लगेच रॅम आणायला धावू नका. हंगामाच्या सगळ्या नोंदी एकदम मेमरीत ओढल्या जात असतील. त्या दिवसादिवसाच्या गठ्ठ्याने वाचा, बेरीज पुढे नेत जा, आहे त्या मशीनवर अहवाल निघेल. आणि १३७ आल्यावर प्रोग्राम आपोआप पुन्हा सुरू करायची सोय कुणी करून ठेवली असेल तर ती आधी काढा. तेवढाच डेटा, तेवढीच मेमरी, तो पुन्हा मरणार, आणि मधल्या वेळात डेटाबेसचा प्रोग्राम कर्नलच्या तावडीत सापडला तर नवंच दुखणं.

कर्नलच्या नोंदीत अशी ओळ नसेल, तर कुणी माणसाने हाताने 'किल -९' दिलं असेल. मशीन हळू चालतंय म्हणून असं करणारा एक तरी जण प्रत्येक ऑफिसात असतो. रात्री बिलं करायला बसणाऱ्यापासून विचारायला सुरुवात करा.